कॅमेलिऑन भर दुपारी डोळे मिटून बसतोय, बरा होतो आणि परत तेच? आधी डोळ्यात ड्रॉप घालू नका

आमच्याकडे व्हेल्ड जातीचा कॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा आहे, मादी, आता अडीच वर्षांची, नाव भेंडी. नाव भाच्याने ठेवलं, रंगावरून, आणि त्यामुळे घरात कोणी जोरात हाक मारली की लिफ्टपाशी उभी असलेली माणसं दचकून बघतात, ते असो. मुद्दा असा की या अडीच वर्षांत तीन वेळा एकच तक्रार आली, दुपारी बारा-एकला लाइट चालू असताना डोळे मिटून बसणं, आणि तिन्ही वेळा कारण वेगळं निघालं. मी शहाणा पहिल्या वेळचा इलाज दुसऱ्या वेळी करत बसलो आणि दुसऱ्या वेळचा तिसऱ्या वेळी, दोन्हीकडे दोन-तीन दिवस फुकट गेले, आणि एवढ्याशा जिवासाठी दोन-तीन दिवस म्हणजे फार झाले. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलंय, पण ज्याच्या घरी आत्ता हे चालू असेल तो वाचेल.

पहिली गोष्ट, कॅमेलिऑन दिवसा झोपत नाही. मांजर कधीही झोपतं म्हणून आपल्याला वाटतं हाही डुलकी काढत असेल, तसं नसतं. दिवसा डोळे मिटलेले म्हणजे काहीतरी बिघडलंय, एवढं धरूनच चालायचं. अपवाद एकच, डोळा साफ करताना तो फुग्यासारखा फुगवतो, गरागरा फिरवतो, फांदीला घासतो आणि थोडा वेळ मिटून ठेवतो, मग उघडून परत तुमच्याकडे रागाने बघतो. आमची पहिल्यांदा डोळा फुगवून बसली तेव्हा आई म्हणाली हिला रांजणवाडी झाली. तसं काही नव्हतं. संध्याकाळी लाइट बंद व्हायच्या थोडं आधी पेंगतात तेही ठीक.

दुसरी गोष्ट, हा प्राणी आजार लपवतो. जंगलात फांदीवर ढेपाळलेला दिसला की पक्षी उचलून नेणार, म्हणून शेवटपर्यंत काही झालंच नाही असा आव आणतो. आपल्याला जेव्हा दिसतं तेव्हा आत बरेच दिवस झालेले असतात. रंगावर तर अजिबात जाऊ नका, सरडा मागच्या झाडासारखा रंग करतो हे आपण लहानपणापासून ऐकतो पण त्याचा रंग मुख्यतः मूड, तापमान आणि समोर दुसरा सरडा आहे का यावर बदलतो. काळपट पडला तर गारठलाय, घाबरलाय, चिडलाय किंवा आजारी आहे, यातलं नक्की काय ते रंग सांगत नाही. त्यापेक्षा वजन सांगतं. मी किचनचा डिजिटल वजनकाटा घेतला, त्यावर काठी बांधलेला एक डबा ठेवतो, दर रविवारी सकाळी खायच्या आधी वजन करून कॅलेंडरवर लिहितो. दुधाच्या हिशोबाशेजारी भेंडीचे ग्रॅम. बायको हसते, पण हा काटा असता तर पहिल्या दोन वेळेला मला आठवडाभर आधी कळलं असतं.

आता पहिली वेळ. एप्रिल महिना, ठाण्याचा उकाडा तुम्हाला सांगायला नको. घोडबंदर रोडला आमचा फ्लॅट, पिंजरा हॉलमध्ये, आणि वर्क फ्रॉम होममुळे हॉलचा एसी सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. एसी हवा सुकवतो हे डोक्यातच आलं नाही. मी दिवसातून दोनदा स्प्रे बाटलीने फुस्स फुस्स करायचो आणि खाली पाण्याची वाटी ठेवली होती. वाटीतलं साचलेलं पाणी हे पाणी आहे हे बहुतेक कॅमेलिऑनना कळतच नाही, ते पानावरचे हलणारे, चमकणारे थेंब चाटतात. म्हणजे वाटी भरलेली आणि भेंडी तहानलेली. डोळे मिटले, डोळ्याभोवतीचा कातडीचा शंकू आत गेल्यासारखा दिसायला लागला, किडे समोर फिरत असले तरी जीभ बाहेर येईना. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे कुत्री-मांजरं बघतात, त्यांनी डोळ्याचे ड्रॉप दिले. त्यांचा दोष नाही, मीच जाऊन सांगितलं की डोळ्याचा प्रॉब्लेम आहे.

उत्तर शीमध्ये होतं. कॅमेलिऑनच्या शीला दोन भाग असतात, एक तपकिरी आणि एक पांढरा. पांढरा भाग म्हणजे युरेट, त्याची लघवीच समजा. तो पांढराशुभ्र असेल, टोकाला किंचित पिवळसर असला तरी, पाणी पुरतंय. पूर्ण पिवळा किंवा केशरी आणि खडूसारखा कडक असेल तर पाणी कमी पडतंय. भेंडीचा झेंडूसारखा केशरी होता आणि तो मी तीन आठवडे टिश्यूने पुसून फेकत होतो, एकदाही बघितला नाही.

उपाय असा केला, बाथरूममध्ये जास्वंदीची मोठी कुंडी ठेवली, भेंडीला तिच्यावर बसवलं आणि शॉवरचा फवारा कोमट करून समोरच्या भिंतीवर मारला, म्हणजे अंगावर धार नाही, फक्त उडालेले तुषार. वीसेक मिनिटं. पहिली दहा मिनिटं काही नाही, मग एक डोळा उघडला, मग पान चाटायला लागली आणि थांबेचना. पाण्याच्या टबात मात्र बसवू नका, झाडावरचा प्राणी आहे, घाबरतो नुसता. कायमचा उपाय म्हणून मेडिकलमधून सलाइनचा नवीन सेट आणला, पिंजऱ्यावर पाण्याचा डबा, त्याला ती नळी, चाक फिरवून थेंबाचा वेग कमी केला आणि थेंब पानांवरून ओघळतील असं लावलं, रोज सकाळी अर्धा तास. एवढ्या वर्षांत केलेला सगळ्यात स्वस्त जुगाड. आणि एसीचा झोत पिंजऱ्याकडे येणार नाही असं बघितलं. जास्त सुकलेल्याला मात्र घरी पाणी पाजत बसून भागत नाही, तिथे डॉक्टरच त्वचेखाली सलाइन देतात.

दुसरी वेळ, जुलै. आता मी पाण्याच्या बाबतीत एक्स्पर्ट झालो होतो ना. पिंजरा बाल्कनीच्या दाराजवळ हलवलेला, पावसाचे शिंतोडे येतात म्हणून तीन बाजूंनी प्लॅस्टिक लावलं, ड्रिप चालू, स्प्रे दिवसातून चार वेळा. त्यात दोनदा दिवसभर लाइट गेली, म्हणजे तापवायचा दिवाही बंद. भेंडीने परत दुपारी डोळे मिटले आणि मी लगेच निदान केलं, पाणी कमी पडतंय. अजून पाणी. शॉवर. म्हणजे आगीत तेल म्हणतात तसं मी पाण्यात पाणी ओतत होतो.

तिसऱ्या दिवशी रात्री टीव्ही बंद असताना पिंजऱ्यातून बारीक टक टक असा आवाज आला, बुडबुडा फुटल्यासारखा. सकाळी बघितलं तर नाक वर करून बसलेली, तोंड किंचित उघडं, ओठाच्या कडेला चिकट फेस. हे श्वसनाचं इन्फेक्शन. यात घरगुती काहीही नाही, हळद नाही, वाफारा नाही, विक्स तर बिलकुल नाही, सरळ डॉक्टर. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या कारण नवीन लोक घाबरतात, तापवायच्या दिव्याखाली बसून तोंड उघडलं आणि रंग फिका असेल तर त्याला गरम होतंय, बाजूला सरकला की तोंड मिटतो, ते वेगळं. दिव्यापासून लांब, गार जागेत बसूनही तोंड उघडं, मान वर, आवाज किंवा फेस, तर ते श्वासाचं.

ठाणे आणि नवी मुंबईत पेट क्लिनिक गल्लोगल्ली आहेत पण सरपटणाऱ्या प्राण्यांना नीट बघणारे कमी, म्हणून आजार व्हायच्या आधीच दोन-चार ठिकाणी फोन करून विचारून ठेवा की सरडा, इग्वाना बघता का आणि कोणत्या वारी. मला त्या दिवशी पाच फोन केल्यावर मुंबईत एक सापडले. त्यांनी तोंडातला स्वॅब घेतला, अँटिबायोटिकचं इंजेक्शन दर तिसऱ्या दिवशी घ्यायला लावलं आणि वर सांगितलं की पिंजरा योग्य तापमानाचा नसेल तर इंजेक्शनही नीट लागू पडणार नाही, कारण या प्राण्याचं अंग बाहेरून तापतं, थंड असेल तर त्याची प्रतिकारशक्तीही थंडच. औषधाचं नाव आणि डोस मी मुद्दाम देत नाहीये, ग्रॅममधला प्राणी आहे, अंदाजाने टोचलं तर मूत्रपिंडं जातात.

चूक कुठे झाली तर डोक्यातल्या समजुतीत. आपल्याला वाटतं कॅमेलिऑन म्हणजे घनदाट जंगल, सतत ओलंचिंब. व्हेल्ड हा मूळचा येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्येकडचा, तिथले डोंगरउतार, दिवसा बऱ्यापैकी कोरडं आणि रात्री-पहाटे धुकं आणि दव. म्हणजे ओलावा रात्रीचा, दिवस सुकायचा. आपल्याकडे जुलैत हवाच इतकी दमट असते की पान एकदा ओलं केलं की संध्याकाळपर्यंत सुकत नाही, आणि मी त्यावर प्लॅस्टिक लावून हवा कोंडली. उबदार, ओलं आणि कोंदट, बुरशी-बॅक्टेरियाला अजून काय पाहिजे. आता पावसाळ्यात स्प्रे फक्त पहाटे, दुपारी बारापर्यंत पानं सुकलीच पाहिजेत, नाही सुकली तर रूममध्ये छोटा टेबल फॅन दुसऱ्या दिशेला तोंड करून. आणि दिव्यासाठी छोटा इन्व्हर्टर घेतला. तो दिवा म्हणजे साधा गरम होणारा बल्बच, त्याच्याखालच्या फांदीवर मादीसाठी २७-२८ डिग्री पुरतात, नराला थोडं जास्त, ३० च्या आसपास. थर्मामीटर फांदीच्या जागी ठेवून मोजा, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात लावलेला गोल काटा शोभेचा असतो.

तिसरी वेळ सगळ्यात वाईट, आणि मादी असेल तर हा भाग नीट वाचा.

ऑक्टोबर. भेंडी तेव्हा सव्वा वर्षाची. दोन दिवस पिंजऱ्यात सैरभैर, सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात तशी हिची जाळीपर्यंत, वर जा, खाली ये, तळाला येऊन नखं घास, परत वर. अंगावर गडद हिरव्यावर निळे-पिवळे ठिपके. आम्हाला वाटलं काय सुंदर दिसतेय, फोटो काढले, स्टेटसला टाकले. तिसऱ्या दिवशी तळाशी एका कोपऱ्यात डोळे मिटून बसली. मी म्हटलं परत छाती भरली आणि इंजेक्शनसाठीच गाडी काढली. डॉक्टरांनी पोटाला बोटं लावली आणि मला विचारलं, रेती कुठे ठेवलीय? मी म्हटलं कसली रेती?

पोट अंड्यांनी भरलेलं होतं. नर कधी बघितलाही नाही हिने, तरी अंडी. कोंबडी जशी कोंबड्याशिवाय अंडी देते तसंच, व्हेल्डच्या मादीला नर लागत नाही, साधारण सहा महिन्यांच्या पुढे कधीही सुरू होऊ शकतं. पण अंडी घालायला तिला खोल, ओलसर माती लागते, बोगदा खणायचा असतो. जागा मिळाली नाही तर ती अंडी धरून ठेवते, ती आत अडकतात आणि मादी मरते. ते ठिपके आणि ती सैरभैर फिरणं म्हणजे ती जागा शोधत होती, आणि आम्ही फोटो काढत होतो.

एक्स-रे काढला आणि त्यात अजून एक गोष्ट निघाली, हाडं फिकट दिसत होती, जितकी ठळक दिसायला हवीत तितकी नाहीत. कॅल्शियम कमी. डॉक्टरांनी विचारलं यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील-बी किरण देणारी) कधी बदलली. मी म्हटलं चालू आहे की छान. विकत घेताना दुकानदाराने किटमध्ये दिलेली, सव्वा वर्ष झालेलं, आणि शिवाय पिंजरा खिडकीशी आहे, सकाळचं ऊन येतं. आता हे दोन्ही किती चुकीचं आहे बघा. ट्यूब डोळ्याला पांढरी दिसते पण तिच्यातलं यूव्हीबी हळूहळू मरतं, साधारण सहा महिने ते वर्षात बदलायलाच लागते. आणि खिडकीची काच ऊन आत सोडते पण यूव्हीबी जवळपास सगळं अडवते. म्हणजे भेंडी महिनोन्महिने उजेडात होती आणि तरी अंधारात. यूव्हीबी नाही तर त्वचेत व्हिटॅमिन डी-३ तयार होत नाही, डी-३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि कॅल्शियम नाही तर हाडं तर मऊ होतातच पण स्नायूही नीट आकसत नाहीत. अंडी बाहेर ढकलायला स्नायूच लागतात. म्हणजे रेती असती तरी तिला जोर लागला असता की नाही शंकाच.

तिला कॅल्शियम दिलं, पाणी दिलं आणि डॉक्टर म्हणाले अजून ताकद आहे, आज रात्री रेती द्या, दोन दिवसांत नाही घातली तर ऑपरेशन. खालच्या मजल्यावर एकांकडे रिनोव्हेशन चालू होतं, त्यांच्याकडून दोन घमेली रेती आणली, चाळली, पाच पाण्यांनी धुतली, फूटभर खोल टबात भरली. ओलावा एवढा की बोट घालून भोक केलं तर ते ढासळलं नाही पाहिजे, आणि तळाला पाणी साचलं नाही पाहिजे, किल्ला करायची दिवाळीतली सवय इथे कामाला आली. पिंजऱ्यावर चादर टाकली कारण खणताना कोणी बघतंय असं कळलं तर बोगदा अर्धवट सोडून देतात. चादरीला बारीक फट ठेवून रात्री दीड वाजता मी आणि बायको आळीपाळीने बघतोय. दुसऱ्या दिवशी दुपारी ती रेतीत पूर्ण दिसेनाशी झाली, संध्याकाळी अंगभर रेती घेऊन वर आली, भोक स्वतःच बुजवलं, आणि पोट फुगा फुटल्यासारखं. एकेचाळीस अंडी निघाली. नराशिवायची असल्यामुळे त्यातून काही येणार नव्हतं, फ्रीजरमध्ये गोठवून टाकून दिली, त्यावरून घरात झालेलं भांडण वेगळा विषय आहे.

आता रेतीचा टब कायम पिंजऱ्यात असतो, आणि खाणं आटोक्यात आणलं, मोठ्या मादीला दिवसाआड तीन-चार किडे पुरतात. जास्त खायला आणि जास्त उष्णता मिळाली की ती जास्त अंडी तयार करते, त्यामुळे प्रेमाने चारणं इथे घातक. नंतर अंडी आली तेव्हा निम्म्याहून कमी होती.

मऊ हाडांच्या आजाराची लक्षणं वेगळी लिहितो, पिल्लांमध्ये हा फार दिसतो. पकड सैल होते, चालताना थरथरतो, कोपरं बाहेर वाकतात, जीभ अर्धी बाहेर येऊन लोंबते किंवा किडा चुकतो, जबडा रबरासारखा. वाकलेलं हाड परत सरळ होत नाही, पुढचं थांबवता येतं एवढंच. उपाय म्हणजे लांब, बारीक टी-५ यूव्हीबी ट्यूब, खोक्यावर ६% किंवा ५.० लिहिलेली, ते वेटोळे सीएफएलसारखे बल्ब नकोत. ट्यूबवर मार्करने तारीख लिहा. कॅल्शियम पावडर डी-३ नसलेली प्रत्येक वेळी किड्यांना चोळून, आणि डी-३ व व्हिटॅमिन ए असलेली मल्टीव्हिटॅमिन महिन्यातून दोनदा, जास्त नाही. व्हिटॅमिन ए कमी पडलं तर दोन्ही डोळ्यांच्या पापण्या सुजतात आणि कात अर्धवट अडकते, जास्त झालं तर मानेखाली पाण्यासारखी सूज येते, म्हणजे दोन्हीकडून मार. किड्यांनाही नुसता कोंडा घालू नका, शेवग्याचा पाला, भोपळा, गाजर, रताळं घाला, पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. आमच्याकडे शेवग्याची शेंग आमटीत आणि पाला रातकिड्यांना.

तर आता डोळे मिटलेले दिसले की मी काय करतो. आधी हात न लावता दोन मिनिटं ऐकतो आणि तोंड बघतो. मग ताजी शी शोधतो. मग वजन. मग पोट आणि तळाशी खणल्याच्या खुणा. मग ट्यूबवरची तारीख, फांदीवरचं तापमान. डोळा सगळ्यात शेवटी, एकच डोळा सुजलेला असेल, त्यातून चिकट येत असेल, तर कचरा किंवा इन्फेक्शन धरायचं, निर्जंतुक सलाइनचे दोन थेंब चालतात पण घरात पडलेले माणसांचे ड्रॉप नाही, त्यात स्टेरॉइड असू शकतं. एवढं करून पाण्याचंच कारण दिसलं आणि बाकी सगळं ठीक असेल तर एक दिवस शॉवर करून बघतो. बाकी काहीही असेल, तळाशी बसला असेल, फांदीवरून पडला असेल, फेस असेल, पाय वाकला असेल, वजन दहावा हिस्सा उतरलं असेल, तर त्याच दिवशी गाडी.

नेताना बुटांचा खोका किंवा झाकणाची टोपली, आत आडवी काठी, वर ओढणी, अंधारात शांत राहतात. एसीचा झोत बंद. घोडबंदरच्या ट्रॅफिकला दीड तास धरूनच निघा. सोबत झिपच्या पिशवीत ताजी शी, जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) तपासायला लागते, आणि मोबाइलमध्ये पिंजऱ्याचा, ट्यूबच्या खोक्याचा, पावडरच्या डब्याचा फोटो. डॉक्टर निम्मं निदान त्या फोटोवरून करतात, आमचं तसंच झालं.

एक कागदाचं काम, व्हेल्ड आणि पँथर कॅमेलिऑन दोन्ही साइट्सच्या (CITES, वन्यजीव व्यापाराचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट दोनमध्ये आहेत, २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. मी आधी टंगळमंगळ केली, मग केली, कारण डॉक्टरांकडे निर्धास्त जाता येतं. आणि येऊरच्या जंगलाकडे फिरताना आपला देशी कॅमेलिऑन, ज्याला सरडगुहिरा म्हणतात, सापडला तर घरी आणायचा नाही, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे, पाळणं गुन्हा आहे. जखमी असेल तर वनविभागाची १९२६ हेल्पलाइन.

भेंडी आज सकाळी १०४ ग्रॅम. मागच्या रविवारी १०६ होती, तेव्हा शी व्हायची होती, तरी पुढच्या रविवारची वाट न बघता बुधवारी एकदा काट्यावर घेणार आहे.